सिस्टरबाईंचा चिठ्ठ्यांचा डबा

परवा धर्मपाल निळा डबा घेऊन आला. म्हणाला, "मावशीचं घर खाली करून राहिलो काकू. हे तुमच्याकडेच द्याचं म्हणून तिनं आधीच सांगून ठेवलं होतं."

डबा बिस्किटांचाच, वरून निळा ऑइलपेंट मारलेला. झाकणावर छिन्नीने पाडलेली फट. आत काही नसणार हे मला माहीत होतं, तरी धर्मपाल गेल्यावर मी तो कानाशी धरून हलवून पाहिला.

धर्मपालची मावशी, वनमालाबाई, माघात गेल्या. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत त्यांना नावाने कोणी हाक मारली नाही. सगळ्यांच्या त्या सिस्टरबाई, पोरांच्या सिस्टर आंटी. देवापाशी दिवा लागला की मी रोज वहीत चार ओळी लिहिते. काल लिहायच्या आधी ट्रंकेतून २००३ सालची वही काढली आणि वाचतच बसले.

सिस्टरबाईंचे वडील भंडाऱ्याकडून येऊन इथल्या वॅगन कारखान्यात लागले होते. बाई सरकारी नर्स झाल्या आणि बावीस वर्षं अभनपूरकडची खेडी सांभाळली. सकाळी छोट्या लाइनची, नॅरोगेजची गाडी पकडायच्या. हातात विणकाम. अभनपूर येईस्तोवर एक टोपडं पूर्ण होत असे, आणि त्या दिवशी ज्या घरी बाळ जन्मेल त्याच्या डोक्यावर ते जाई. नवरा, गौतमराव, लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर आमच्या समोरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली सिगडी, आणि सिगडीवर सदा चहाचं आधण.

तो चहा मी कधी घेत नसे. खरं तेच लिहिते. सोमवारी महादेवाचा उपास, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. एकदा त्या म्हणाल्या, "उपासाले चहा तं चालते ना?" मी म्हटलं, आमच्यात नाही चालत. त्या हसल्या आणि मला पुड्यातली बिस्किटं काढून दिली. पुडा माझ्यासमोर फोडला. पुढं शुक्रवारचाही एक उपास मी धरला.

तेव्हा रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. भोपाळहून साहेब लोकांची कुटुंबं आली, भाडी वाढली, गल्लीच्या तोंडाशी औषधांच्या दुकानावर इंटरनेटचं दुकान निघालं. प्लायवूडचे सहा खण, प्रत्येकाला पडदा. पोट्टे 'प्रोजेक्ट' करायला म्हणून जात. एकदा एक बाई पोराला जेवायला बोलवायला म्हणून वर गेली, तिनं पडदा बाजूला केला आणि तशीच खाली उतरून आली. ती कोणाशी बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत होतं.

गणपती मंडळाच्या खोलीत सभा झाली. त्यात सगळ्यांत जास्त मी बोलले. पोरांना देवाची भीती राहिली नाही, म्हटलं. ज्याने तसलं पाहिलं त्याने देवघरात पाऊल टाकू नये, इतकं मी बोलले, आणि बायकांनी माना हलवल्या. वहीत हे भाषण मी मोठ्या कौतुकाने उतरवून ठेवलं आहे.

सिस्टरबाई शेवटी उठल्या. "भीती तं लय आहे विनोदिनी. म्हणून तं कोणी विचारत नाही. दुकान बंद कराल, तं दुसऱ्या मोहल्ल्यात उघडन. पोट्टे पाहून काय राहिले आणि त्यातलं समजून काय राहिले, ते तरी विचारा त्याहिले."

"विचारणार कोण?" कोणीतरी म्हटलं.

"मी."

आठ दिवसांत तो निळा डबा मंडळाच्या खोलीबाहेर टांगला गेला. नियम चार. नाव लिहायचं नाही. नववीच्या वरच्यांनीच यायचं. बाईंच्या घरी एका शनिवारी मुलं, दुसऱ्या शनिवारी मुली. आणि उत्तर झालं की चिठ्ठी सिगडीत. माझा विरोध होता, म्हणून बायकांनी मलाच म्हटलं, तुम्ही बसत जा तिथे, लक्ष राहील. त्यात बाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, दुसऱ्याने बारीक अक्षर लागत नसे. म्हणून दर शुक्रवारी दुपारी डबा उघडून चिठ्ठ्या मी वाचून दाखवायच्या, शनिवारी त्या तोंडपाठ उत्तरं द्यायच्या, असं ठरलं.

पहिल्या शुक्रवारी मी पदर सावरूनच बसले होते. काय काय वाचावं लागतं कोण जाणे. चिठ्ठ्या सगळ्या हिंदीत. एकीत लिहिलं होतं, 'लड़की से बात करते समय पसीना क्यों आता है?'

बाई म्हणाल्या, "मई महिना हाय. मलेही येऊन राहिला."

पण शनिवारी पोरांसमोर त्यांनी थट्टेनंतर नीट सांगितलं. एकाने विचारलं होतं, जे दाखवतात ते सगळं खरं असतं का. बाईंनी त्यांनाच विचारलं, "पिक्चर में हीरो दस गुंडों को मारता है, तू मार लेगा क्या?" पोट्टे हसले. "वैसे ही है ये. पैसा लेकर किया हुआ नाटक. उसको देखकर अपने को नापोगे तो जिंदगीभर छोटे पड़ोगे. और जो लड़की उसमें है ना, वो भी किसी के घर की है. उसको किसी ने पूछा था क्या, ये भी सोचना." मी वहीत लिहिलं, 'बाई बोलतात स्वच्छ. लाज वाटावी असं काही नव्हतं.'

याच महिन्यांतली दुसरी नोंद पुन्हा पुन्हा येते. 'स्वानंद आजही देवघरात आला नाही.'

स्वानंद माझा मुलगा, तेव्हा दहावीत. सहा वर्षांचा असल्यापासून संध्याकाळची समई तोच लावायचा. काडी ओढली की ज्योत वाऱ्याने जाऊ नये म्हणून हाताचा आडोसा धरायचा, आणि आरती अशा आवाजात म्हणायचा की समोरच्या घरातले हसायचे. ते एकाएकी थांबलं. टेस्ट आहे, डोकं दुखून राहिलं, तू लाव. प्रसाद हातावर घेईना, वाटीत ठेव म्हणे. जेवण अर्धं. माझ्याकडे बघून बोलेना. मी चिडायची. "दहावीत गेला म्हणून देव नकोसा झाला काय रे?" तो मान खाली घालून उभा राही. मी मुलाच्या बुद्धीसाठी अकरा प्रदोष बोलले.

मग एका शुक्रवारी डब्यात मराठी चिठ्ठी निघाली.

आमच्या गल्लीतली पोरं मराठी समजत, पण उत्तर हिंदीत देत. लिहिता तर येतच नसे. म्हणून मी दर रविवारी चार पोरं गोळा करून मराठी शिकवत होते. दोघी मुली होत्या, एक पाचवीतला होता आणि चौथा स्वानंद. चिठ्ठी लिहिणाऱ्याने विचार केला असणार की मित्रांच्या हाती लागली तरी त्यांना वाचता येणार नाही. चिठ्ठ्या मी वाचते हे पोरांना माहीत नव्हतं.

चिठ्ठीत एवढंच होतं. 'जो एकदा तसलं पाहतो, त्याच्या हातची पूजा देवाला चालते का? नंतर कधीच चालत नाही का?'

मी ती मांडीखाली सरकवली आणि पुढची उचलली. आवाज सांभाळून बाकीच्या वाचल्या.

सिस्टरबाई सिगडीतले निखारे सारखे करत होत्या. म्हणाल्या, "आठ होत्या विनोदिनी. मी डब्यातून काढताना मोजल्या. सात झाल्या."

मी आठवी काढली. वाचली. 'नंतर कधीच' पर्यंत आले आणि चिठ्ठी घडी करून खाली ठेवली. बाईंनी विचारलं नाही कोणाचं अक्षर आहे. सिगडीला पंख्याने वारा घातला आणि म्हणाल्या, "उद्या येशील ना?"

घरी आले. तो टेबलाशी पुस्तक उघडून बसला होता, पान उलटत नव्हता. पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं. पण ठेवला असता तर त्याला कळलं असतं, आणि मग तो डबा कोणासाठीच राहिला नसता. मी कणीक भिजवायला गेले. सभेत काय बोलले होते ते आठवत होते. ते त्याने ऐकलं होतं. खोलीच्या दाराशी सतरंज्या उचलायला तोच तर थांबला होता.

शनिवारी मुलांचा वार होता. चौदा-पंधरा जण. स्वानंद मागे, भिंतीला टेकून. बाईंनी सात उत्तरं दिली. मग म्हणाल्या, "एक और है. किसी ने पूछा है, जिसने एक बार वैसा देख लिया, उसके हाथ की पूजा भगवान को चलती है क्या."

कोणी हसलं नाही. मला तेव्हा कळलं, हा प्रश्न एकट्याचा नव्हता.

"शरीर का मैं बताती हूं," बाई म्हणाल्या. "देख लिया तो तुम में कुछ सड़ नहीं गया. डर लगता है, घिन आती है, फिर भी मन उधर जाता है. इस उमर में होता है. रोज का होने लगे, पढ़ाई छूटे, नींद छूटे, तो किसी बड़े के पास जाओ, अकेले मत घुटो. ये मेरा हो गया. अब भगवान का मुझको नहीं मालूम. मैं तो मानती नहीं. वो विनोदिनी आंटी का डिपार्टमेंट है."

आणि माझ्याकडे पाहिलं. दिसणाऱ्या डोळ्याने.

मी उभी राहिले. कशाला उभी राहिले, बसूनही सांगता आलं असतं. पंधरा तोंडं वर झाली. एक मान खालीच होती. माझी हिंदी तेव्हाही तोडकीमोडकीच. म्हटलं, "चलती है."

कीर्तनं ऐकली, पोथ्या वाचल्या, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"हाथ धोके आना. बस. और घर में किसी ने कहा होगा कि भगवान नाराज होते, पाव नहीं रखने देते, तो उसने गलत कहा. मैंने भी कहा था. गलत कहा था."

मागून एका पोट्ट्याने विचारलं, "साबुन से, आंटी?"

"हव. साबुन से."

मग सगळे हसले, बाईसुद्धा. स्वानंद हसला की नाही ते मी पाहिलं नाही, कारण मी त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून आले होते. बाईंनी चिठ्ठी सिगडीत टाकली, वरून आधण ठेवलं. पोरांना चहा आणि मुरमुरे वाटले. माझ्यासाठी सवयीने बिस्किटांचा पुडा उचलला. मी हात पुढे केला आणि त्यांच्या हातातला कप घेतला.

"आज शनवार आहे," त्या म्हणाल्या.

"हव."

आलं जास्त झालं होतं. सगळा प्यायले.

त्या दिवशीची नोंद दोन ओळींची आहे. 'दिवेलागणीला मोरीत नळ बराच वेळ चालू होता. पाणी वाया जातं म्हणाले नाही. स्वानंदने समई लावली.' आरतीला आवाज लहान होता. पण हाताचा आडोसा तसाच धरला होता.

नंतर त्याच्याशी मी याबद्दल कधी बोलले नाही, तोही नाही. डबा आणखी पाचेक वर्षं चालला. पोरं शिकायला भिलाईला, पुण्याला गेली. मग हातोहाती मोबाइल आले, डब्यात दोन चिठ्ठ्या निघू लागल्या, मग एक, मग पानवाल्याची रिकामी पुडी. बाईंनी डबा उतरवून घरी नेला. आता ती छोटी लाइनही नाही, इंटरनेटच्या दुकानाच्या जागी ब्यूटी पार्लर आहे. शुक्रवारी दुपारी चार वाजता मात्र अजूनही माझे पाय समोरच्या दाराकडे वळतात. शेवटपर्यंत चहा घेत होते मी तिथे. मोतीबिंदू काढल्यावर बाई स्वतः वर्तमानपत्र वाचायच्या, तरी म्हणायच्या, "तूच वाच वं. तुझ्या आवाजात बरं वाटते."

आज रविवार. स्वानंद बायको-मुलीला घेऊन आला. नव्या रायपुरात राहतो, ऑफिस तिथंच. शर्मिष्ठा तेरा वर्षांची झाली. हल्ली जेवताना फोन उलटा ठेवते, आणि तो वाजला की तिचा घास तोंडाशीच थांबतो. मागच्या महिन्यात आरशासमोर उभी राहून मला म्हणाली, "आजी, मैं बहुत गंदी दिखती हूं ना?" गोड पोट्टी आमची, गालावर खळी पडते. कोणाशी तुलना करून राहिली, ते मी विचारलं तर खोलीत निघून गेली.

स्वानंदला ओट्यावर तो डबा दिसला. हातात घेतला, फटीवरून अंगठा फिरवला.

"आई, हा मी नेऊ?"

"कशाले?"

"घरी ठेवतो. फ्रिजवर." मग शर्मिष्ठाला हाक मारली. "इधर आ. इसमें जो पूछना है, लिख के डालना. नाम नहीं लिखना."

तिने डबा उलटसुलट करून पाहिला. "घर में तीन तो लोग हैं, पापा. पता नहीं चलेगा क्या?"

"मैं भी डालूंगा, मम्मी भी डालेगी. इतवार को आजी पढ़ेगी."

"पक्का किसी को पता नहीं चलेगा?"

"नहीं चलेगा," स्वानंद म्हणाला. "बस मराठी में मत लिखना. मराठी में लिखा तो आजी पहचान लेती है. और पहचानती है तो बताती नहीं."

मी मेथी निवडत होते. मान वर केली नाही. काड्या आणि पानं दोन्ही एकाच ताटात टाकली, ते नंतर सुनेने वेगळं केलं.

संध्याकाळी निघायच्या आधी तो मोरीत गेला, हात धुतले आणि समई लावली. शर्मिष्ठाने बाजूला उभं राहून विचारलं, हात असा का धरतोस. तो म्हणाला, "हवा आती है."

डबा ते घेऊन गेले.