आनंदीताईंनी नाटक थांबवलं नाही

आनंदीताई खोलकुटेंना छत्तीसगढातल्या तेलीबांधा वस्तीतली मराठी पोरं घाबरत, आणि सुट्टी लागली की त्यांच्याच घरी धावत. सारी नोकरी रेल्वेच्या कचेरीत गेली. निवृत्त झाल्या आणि मराठी मंडळाचं सचिवपद त्यांच्या गळ्यात पडलं, कारण दुसरं कोणी घेईना.

शहरात समाजासमाजाची भवनं उभी राहिली होती. मराठी मंडळाचा गणपती मात्र दरवर्षी मैदानात मंडप घालून बसायचा. वॉर्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, शेखरभैया यांनी भवनासाठी जागेचा शब्द दिला होता, म्हणून त्या वर्षी त्यांचा सत्कार ठरला.

ताईंचं लक्ष नाटकाकडे होतं. पोरं आईच्या मराठीला हिंदीत उत्तर द्यायची. त्यांच्याकडून ताईंनी एकेक वाक्य घोटून घेतलं. मुख्य काम मिळालं राधिकाला. ती शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, हरिदास साहूंची नात, घरी छत्तीसगढी बोलणारी. मैत्रिणीबरोबर तालमीला येता येता सगळ्यांची वाक्यं पाठ करून बसली होती. कमिटीत कुरकुर झाली, "आपली पोट्टी नाही काय एखादी?"

"जिची जीभ वळते ते आपली," ताई म्हणाल्या. विषय संपला.

गणपतीत शेखरभैया संध्याकाळी यायचे होते. त्यांची वाट पाहता पाहता रंगवलेले चेहरे घामानं ओघळले, लहान पोरं पेंगायला लागली. शेवटी ताईंनी पडदा उघडायला लावला. नाटक रंगात आलं आणि तेवढ्यात बाहेर ढोल वाजला. भैया आले. अध्यक्ष यशवंतराव धावत विंगेत शिरले.

"थांबवा हो! आधी सत्कार."

रंगमंचावर राधिका अडली. तिनं विंगेकडे पाहिलं. जागेचं काय होणार ते ताईंनाही कळत होतं. तरी त्या म्हणाल्या, "बोल बेटा, पुढचं बोल."

राधिका बोलली. शेखरभैया थोडा वेळ उभे राहिले, मग माणसांना घेऊन निघून गेले. नाटक संपल्यावर टाळ्या पडल्या, पण कमिटीतल्या कोणी ताईंशी धड बोललं नाही.

पुढच्या बैठकीत त्यांनी सचिवपद सोडलं. मग एकट्याच भैयांच्या कार्यालयात गेल्या.

"दीदी, पूरे वॉर्ड के सामने मेरी बेइज्जती हुई," भैया म्हणाले.

"तुमच्या स्वागताले कोणी पुढे आलं नाही, ते चुकलंच. त्याची माफी मागते. नाटकाची नाही मागत. सत्कार उद्याही झाला असता भैया, त्या पोट्टीले उद्या कोणी ऐकलं असतं?"

 भैयांनी चहा मागवला, ताईंना गेटपर्यंत सोडायलाही आले. पण जागेचं प्रकरण काही हललं नाही.

काही दिवसांनी हरिदास साहू ताईंच्या दारात उभे राहिले. आपल्या समाजाच्या भवनाची किल्ली त्यांच्या हातात होती.

"दीदी, हमर भवन इतवार के खाली रथे. लइका मन ला उहें सिखाव."

रविवारी भवन रिकामं असतं, पोरांना तिथंच शिकवा, एवढंच त्यांचं म्हणणं.  "हव," ताई म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले.

आता दर रविवारी तिथं तालीम असते. दोन्ही समाजांची पोरं येतात, आणि यंदाचं नाटक अर्धं छत्तीसगढीत आहे. मध्यंतरी यशवंतराव स्वतः नातवाला घेऊन आले. पोरं उड्या मारत होती, ताई ओरडत होत्या. यशवंतराव भिंतीशी उभे राहून हळूच म्हणाले, "आनंदीताई, सचिवपद परत घ्या. सगळ्यांचंच म्हणणं आहे."

"ते दुसऱ्या कोणाले द्या, यशवंतराव," ताई हसून म्हणाल्या. "मले हे पोट्टेच पुरून उरतात. तुम्ही काहून उभे? बसा, तालीम पाहून जा."

यशवंतराव चपला काढून सतरंजीवर बसले.