खांबावरची भेग आणि माझी सही

"सर नाही आले?" चेअरमन दातारांनी माझ्या मागे पाहत विचारलं. माझ्या मागे फक्त माझी स्कूटर होती.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुनी इमारत तपासायची आणि ती कितपत धड आहे ते लिहून द्यायचं, हे आमचं काम. कोथरूडच्या या सोसायटीच्या रिपोर्टवर माझी सही असावी, असा हट्ट मीच सरांकडे, म्हणजे आमच्या फर्मच्या मालकांकडे, धरला होता. मला फर्ममध्ये त्यांची पार्टनर व्हायचं होतं. सर "कर" म्हणाले आणि माझी झोप उडाली. आजवर आपण नशिबाने निभावलं, आता पितळ उघडं पडणार, याची मला खात्रीच होती.

पार्किंगमधल्या एका खांबाला उभी भेग होती. भेग नुसत्या प्लास्टरला असेल तर किरकोळ. आतल्या काँक्रीटला असेल तर सळ्या गंजल्याची शंका, म्हणजे मोठं दुखणं. मी हातोडीने ठोकलं. भद्द आवाज आला. प्लास्टर सुटलं होतं.

"प्लास्टरचीच वाटतेय. तरी थोडं फोडून बघते."

"फोडायचं नाही. रंग परवाच दिलाय."

"मग खात्रीने कसं सांगू?"

"ते आम्ही सांगायचं? अहो, एखादा पांढऱ्या केसांचा माणूस पाठवा."

मला राग यायला हवा होता. खरं तर हायसं वाटलं.

मी सरांना फोन करून सगळं सांगितलं. सर आले. खांबाला एक प्रदक्षिणा घातली, ठोकलं, डोळे मिटले. "प्लास्टर," एवढंच म्हणाले. दातारांनी लगेच चहा मागवला. मला तोवर कुणी पाणीही विचारलं नव्हतं.

गेटबाहेर येताच सर हळूच म्हणाले, "प्लास्टरच आहे ना गं?"

"म्हणजे? तुम्हीच तर सांगितलंत!"

"तू म्हणालीस म्हणून मी म्हणालो. तू नीट बघतेस."

"आणि तुम्ही म्हणालात म्हणून मी सही करणार होते! मग डोळे कशाला मिटलेत?"

"तसं केलं की लोक पुढचं विचारत नाहीत."

त्या खांबावर तीन मजले उभे होते, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर. मी तशीच मागे वळले, सर माझ्या मागोमाग.

"आता काय राहिलं?" दातार.

"फोडल्याशिवाय मी सही करणार नाही."

म्हणेपर्यंत माझी छिन्नी लावून झाली होती. नव्या रंगासकट प्लास्टरचा पोपडा खाली पडला. आतलं काँक्रीट ठणठणीत होतं. भेग तिथवर पोचलीच नव्हती.

दातारांनी वाकून पाहिलं. मग सरांकडे वळले. "म्हणजे बाई म्हणाल्या तेच. मग आपण कशासाठी आला होतात?"

"चहाला," सर म्हणाले. सही मी केली. पुढे पार्टनरही झाले. भीती आजही प्रत्येक साइटवर येते. तिच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. आपल्याला येतं की नाही, याचा विचार करत बसण्यापेक्षा प्लास्टर फोडून बघणं सोपं असतं.