हातांवरचं पाणी

“अहो, नळ!” बायको आतून ओरडली. साबण लावतानाही नळ सोडून ठेवायची सवय मला बोट्स्वानात लागली; तिथे चोवीस तास पाणी असे. पुढे मलावीत बदली झाली. एका सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं. तिथल्या रीतीप्रमाणे त्याची बायको गुडघ्यांवर बसून माझ्या हातांवर पाणी घालू लागली. मी निवांत साबण चोळत राहिलो. भांडं रिकामं झालं.

“आणखी आणू?” तिने हसून विचारलं.

“आणा की!”

घरातलं पाणी संपलं होतं आणि हातपंप टेकडीपलीकडे होता. ती बादली घेऊन परतली, तोवर माझ्या हातांवरचा फेस वाळला होता. उशीर झाला म्हणून तिनेच माफी मागितली.

“असू दे,” मी मोठ्या मनाने म्हणालो.

नळ मी बंद केला. ते ‘असू दे’ मात्र इतकी वर्षं कानात आहे. त्याची लाज बाळगून आता थकलोय.