बादलीच्या तळाला टेकलेला ठोकळा

दहावीच्या पूर्वपरीक्षेत मी शास्त्रात नापास झाले, तेव्हा आत्या घरी येऊन सांगून गेली की मार्चमध्येही असंच झालं तर पोरीची शाळा पुरे, तिच्या पाहण्यात एक स्थळ आहे. नाना, म्हणजे माझे वडील, अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते, शिक्षण सातवीपर्यंत. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून त्यांनी कारखान्यातला पितळेचा एक ठोकळा आणि तिथल्याच कुणाकडून तरी मागून आणलेला ताणकाटा काढला.

"कुठं अडतंय?"

"प्लावक बलाच्या गणितात. वस्तूचं वजन हवेत इतकं, पाण्यात इतकं, तर घनता काढा."

"मंग काढू की. बादली भर."

ठोकळा हवेत आठशे चाळीस ग्रॅम भरला. मोरीतल्या बादलीत सोडल्यावर काटा सातशे वीसवर आला. घट एकशे वीस, म्हणजे घनता सात. पुस्तकात पितळेची घनता आठ पूर्णांक चार होती. मी भागाकार पुन्हा केला, उलटा गुणून पाहिला आणि चिडले.

"पितळ खोटं आहे तुमचं."

"पितळ नाय खोटं. खाली बघ."

ठोकळ्याचा एक कोपरा तळाला टेकला होता.

"थोडा भार बादलीनं उचललाय, अन् तू समदं श्रेय पाण्याला दिलंस." त्यांनी काटा दोन बोटं वर घेतला. सातशे चाळीस. घट शंभर, घनता आठ पूर्णांक चार. "गणित सोडवायच्या आधी विचारायचं, टेकलंय का."

तेव्हापासून प्रत्येक उदाहरणाशेजारी मी बादलीचं चित्र काढायचे आणि वस्तूखाली थोडी जागा सोडायचे.

शास्त्राच्या पेपरला पाच दिवस असताना नाना गेले. दुसऱ्या पाळीला निघण्याआधी चहा घेत होते, छातीत कळ आली. तिसऱ्या दिवशी काकांनी रामकुंडात अस्थी सोडल्या. राख पाण्यावर पसरली, हाडांचे तुकडे सरळ खाली गेले. माझ्या मनात आलं, घनता एकपेक्षा जास्त. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी पायऱ्यांवरून पाणी न बघताच वर आले.

घरात बसवत नव्हतं. पुस्तकातली तीच ओळ चार वेळा वाचायची, उठायचं, मोरीत जाऊन रिकामी बादली बघायची, परत यायचं.

"सुतकात पोरगी पुस्तक घेऊन बसलीय," आत्या आईला म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

आई म्हणाली, "वन्सं, सुतक फिटेपर्यंत पेपर थांबणार आहे का? जाऊ दे तिला."

पेपरात तेच गणित होतं. एका धातूच्या तुकड्याचं वजन हवेत तीनशे पन्नास ग्रॅम, पाण्यात तीनशे. घनता काढा. उत्तर आलं सात. मी ते खोडलं. पुन्हा केलं, पुन्हा सात. धातू कोणता ते दिलं नव्हतं, पितळ तर मुळीच म्हटलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो टेकलेला कोपराच होता. तिसऱ्यांदा खोडलं. पुढची दोन उदाहरणं कोरी होती आणि बाई शेवटची दहा मिनिटं राहिल्याचं सांगत होत्या. मी चौथ्यांदा सात लिहिलं आणि खाली एक ओळ घातली: वस्तू तळाला टेकलेली नाही असे मानून. मग उरलेल्यांतलं एक उदाहरण कसंबसं सोडवलं.

शास्त्रात मी काठावर पास झाले. ती ओळ तपासणाऱ्याने वाचली का, काय वाटलं त्याला, कोण जाणे. आत्याने स्थळाचा विषय पुन्हा काढला नाही. जूनमध्ये मी अकरावीला गेले.

निकालानंतर काका नानांकडं असलेलं कारखान्याचं सामान परत पोचवायला निघाले, तेव्हा ताणकाटाही त्यांच्याकडे दिला. त्यांनी ठोकळ्याचं विचारलं, तर मी म्हटलं, सापडत नाहीये. तो माझ्या दप्तरात होता.