कॅनडातल्या मूससाठी आटपाडीपर्यंत

शिरवळ सोडलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि आमच्या हातात रविवार संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. तेवढ्यात, कॅनडातल्या एका अवाढव्य जनावरासाठी कोणत्या बोरची (नळीच्या मापाची) रायफल घ्यावी, हे आम्हाला सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कुठेतरी शोधून काढायचं होतं. ज्यांना हे वाचून आमच्या डोक्याविषयी शंका आली असेल, त्यांना आधी घरातली हकिकत सांगायला हवी.

आमचा जावई अमोल आणि मुलगी स्नेहल कॅनडात असतात. तिकडे मूस नावाचं हरणाच्या जातीचं जनावर आहे. मी फोटो पाहिला. म्हशीहून मोठं अंग, लांबडं घोड्याचं तोंड आणि डोक्यावर दोन सुपं उलटी बांधल्यासारखी शिंगं. तिथलं सरकार चिठ्ठ्या टाकून त्याच्या शिकारीचे परवाने देतं आणि अमोलच्या ऑफिसातल्या मित्रांच्या गटाला एक परवाना लागला होता. अमोलने बंदुकीच्या परवान्याची परीक्षाही दिली, पण रायफल घ्यायची बाकी होती. दुकानदार म्हणे ३३८ मॅग्नम (जादा दारूची, जोरकस गोळी) घे, एक मित्र म्हणे ३०० मॅग्नम, दुसरा म्हणे साधी ३०८ पुरे. शेवटी त्याने सासऱ्याला फोन केला. ‘‘पप्पा, तुम्ही फौजेत होतात. तुम्ही सांगाल ती घेतो.’’

आता सासऱ्याविषयी. आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण गावात मेजर होतो, तसे आमचे हेही झाले. प्रत्यक्षात ते हवालदार क्लार्क होते आणि बावीस वर्षं त्यांनी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर चालवला. वर्षातून एकदा फायरिंगला जायचे आणि आठवडाभर खांद्याला बाम चोळायचे. पण लग्नाच्या बैठकीत व्याह्यांसमोर त्यांनी बर्फातल्या चकमकीची अशी गोष्ट रंगवली, की व्याही ताटातली जिलबी विसरले. ती अगदीच थाप नव्हती. हिमालय होता, रायफल होती आणि हेही होते. तिघे एका जागी फारसे नव्हते, इतकंच.

‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. ‘‘रविवारी सांगतो,’’ म्हणाले आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसले. सोमवारी अमोल रायफल घेणार होता. मी आधी हसले. मग मला खरंच भीती वाटली. यांनी काहीतरी ठोकून दिलं आणि त्या पोराला जंगलात काही झालं, तर स्नेहलला कोणत्या तोंडाने सामोरं जायचं? पस्तीस वर्षं शाळेत मास्तरीण होते मी; न येणारं उत्तर ठोकून देणारी मुलं मला लांबून ओळखू येतात. म्हणून मी पिशवी भरली आणि म्हटलं, चला, ज्यांना येतं त्यांना विचारू.

खंबाटकी ओलांडून साताऱ्यात पोहोचलो आणि पहिल्यांदा एका बंदुकीच्या दुकानात गेलो. दोन जाड जाळ्यांच्या आड काउंटर, त्यामागे पोट सांभाळून बसलेले मालक. आमचा प्रश्न ऐकून त्यांनी जाळी अर्धीच उघडी ठेवली. शिकार म्हटलं की आपल्याकडे सरळ तुरुंग, हे त्यांनी दोनदा सांगितलं. जनावर कॅनडातलं आहे हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. आयुष्य बँकांच्या पहारेकऱ्यांना बारा बोर विकण्यात गेलेलं. इतक्या मोठ्या जनावराविषयी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी चहा मागवला आणि थेट ३७५ वर गेले. हत्ती पडतो, म्हणाले. तुम्ही पाडलाय का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी चहा लवकर संपवला. मेजरांनी वहीत सुबक रकाने आखून ‘सातारा, ३७५’ अशी नोंद केली.

कऱ्हाडवरून कुंडलकडे वळलो, तसा दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. श्रावणातला, डोक्याच्या वर गेलेला, ओला ऊस. कुंडलला यांचे पलटणीतले मित्र सुभेदार तानाजीराव राहतात. सुभेदार खरे लढलेले. उसाच्या कडेला घर, दारात ट्रॅक्टर, आणि निवृत्तीनंतर बँकेच्या दारावर उभं राहण्यासाठी घेतलेली परवान्याची ३१५ रायफल. पाहुणे श्रावणात आले म्हणून कोंबडी करता येत नाही, याचं सुभेदारांना फार वाईट वाटलं. ते दुःख त्यांनी घेवड्याची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचं एक पातेलं आमच्यापुढे ठेवून हलकं केलं.

जेवणानंतर मेजरांनी वही उघडली. सुभेदारांनी ती मिटली.

‘‘बोर मागनं बघू गड्या. आदी मानूस बघू.’’

त्यांनी रायफल आणली, रिकामी असल्याची तीनदा खात्री केली, आम्हालाही दाखवली. मग मोकळ्या बांधाकडे तोंड करून मेजरांना उभं केलं आणि नळीच्या टोकावर एक रुपया ठेवला. आता घोडा ओढायचा आणि रुपया पडता कामा नये, असा तो जुना पलटणीतला धडा. मेजरांनी श्वास रोखला, डोळा बारीक केला, घोडा ओढला. रुपया पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. आठ वेळा पडला. नवव्या वेळी तो घोडा ओढण्याआधीच पडला. सुभेदारांची सून दारात उभी राहून पदराआड हसत होती.

मला राहवलं नाही. म्हटलं, मी बघू का? रायफल चांगलीच जड होती, पण शाळेत मी फळ्यावर हात टेकवल्याशिवाय सरळ रेघ मारायचे, आणि पस्तीस वर्षांत ती कधी वाकडी गेली नाही. मी घोडा ओढला. टक आवाज झाला आणि रुपया जागच्या जागी राहिला. सुभेदारांनी मला कडक सॅल्यूट ठोकला. मेजर म्हणाले की वारा पडला होता.

मग सुभेदार गंभीर झाले. रिकाम्या रायफलीला हात हलतो, तर भरलेलीचा धक्का कळल्यावर काय होईल, असं त्यांनी समजावलं. मोठी मॅग्नम खांद्यावर लाथ मारते, माणूस दुसऱ्या गोळीच्या आधीच आक्रसतो आणि नेम जातो. ३०८ म्हणजे जवळजवळ आमच्या पलटणीतल्या जुन्या एसएलआर रायफलीचंच माप. नीट लागली तर भल्या मोठ्या जनावरालाही पुरते. ‘‘पर म्या मान्सांवर गोळ्या झाडल्यात, जनावरावर न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘त्ये इचारायचं तर आटपाडीला धुळाआबाकडं जावा.’’ धुळाआबा म्हणजे त्यांच्या पलटणीतल्या एका जवानाचे वडील, जातिवंत मेंढपाळ.

दुसऱ्या दिवशी विटा मागे पडलं, ऊस संपला, आणि खानापूरनंतर आभाळच मोठं झालं. माळ, बाभळी, मधूनच डाळिंबाची बाग. मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात, पण पावसाळ्यात घरी असतात, म्हणून धुळाआबा भेटले. ऐंशीच्या पुढचे, तांबडा फेटा, हातात काठी. त्यांच्या सुनेने आम्हाला हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची गरम, पातळ पेज) दिलं. मेजर वही बाजूला ठेवून दोन वाट्या प्यायले.

मी मोबाइलवर मूसचा फोटो दाखवला. आबांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘‘दूध किती देती?’’

शिकारीचा विषय निघाल्यावर त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग त्यांनी आज्याची गोष्ट सांगितली. संस्थानाच्या काळात आज्जा हाक्याला जायचा (हाका म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्यापुढे आणणं). एकदा कुणी बडा पाहुणा आला होता. बंदूक सगळ्यात मोठी त्याचीच. पण तिचा धक्का त्याला सोसत नव्हता, त्यामुळे घोडा ओढायच्या आधीच तो डोळे मिटायचा. रानडुकराच्या पोटात गोळी लागली आणि ते तसंच बाभळीच्या काटवणात घुसलं.

‘‘सायब गाडीत बसून च्या प्याला,’’ आबा म्हणाले. ‘‘काटवनात आमचा आज्जा गेला. सुळ्यानं मांडी फाडली, मरस्तवर लंगडत हुता. आन् ते मुकं जनावर तीन दिस वरडत हुतं म्हनं.’’ त्यांनी मेजरांकडे पाहिलं. ‘‘बंदूक केवढी ते इचारताय. तुमच्या जावयाचं जनावर जखमी झालं, तर मागनं काटवनात कोन जानार?’’

लिहून घ्यायला मेजरांनी वहीकडे हात नेला, तर वही आबांच्या शेळीच्या तोंडात. सुबक रकान्यांचं पान, साताऱ्याच्या हत्तीसकट, तिच्या पोटात गेलं होतं. आबांनी शांतपणे सुचवलं की उरलेलं आता शेळीला विचारा.

परतताना म्हसवड, दहिवडी करत फलटण मागे टाकलं. लोणंदच्या अलीकडे मेजरांनी गाडी कडेला घेतली. ‘‘त्याला खरं सांगू का?’’

‘‘किती खरं?’’ मी विचारलं.

‘‘सगळं,’’ ते म्हणाले आणि त्यांनी गाडी पुन्हा चालू केली.

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांच्या शेजारी बसले, कॅमेऱ्यात न दिसेल असा त्यांचा हात धरून.

‘‘अमोल, मी फौजेत बावीस वर्षं टायपिंग केलं,’’ ते म्हणाले. ‘‘जनावर राहू दे, मी आजवर चिमणीवरसुद्धा गोळी झाडलेली नाही.’’

स्नेहल एकदम पुढे सरकली. ‘‘आणि ती बर्फातली गोष्ट?’’

‘‘ती सुभेदार तानाजीची. अहवाल मी टाइप केला होता.’’

मग यांनी कुंडलचं आणि आटपाडीचं सगळं सांगितलं, शेळीसकट. माप शेवटी आलं: ३०८ घे, रोज सराव कर, जवळून आणि स्वच्छ दिसल्याशिवाय झाडू नको, आणि डोळे मिटत असतील तर जाऊच नको. अमोल मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘पप्पा, मी मित्राची ती मोठी ३३८ उडवून पाहिली. माझे डोळे मिटले. तिन्ही वेळा. सगळे हसतील म्हणून बोललो नाही.’’ हे स्नेहललाही माहीत नव्हतं. तिने एकदा नवऱ्याकडे, एकदा बापाकडे पाहिलं आणि दोघांची मिळून जी खरडपट्टी काढली, ती मी इथे देत नाही.

लांबच्या प्रवासातून माणूस काय घेऊन येतो, असं विचारतात. आम्ही चारशे किलोमीटर फिरून ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द घेऊन आलो. घरापासून ते फार लांब नव्हते, पण यांना आटपाडीवरूनच यावं लागलं.

ऑक्टोबरमध्ये अमोलचा फोन आला. दोन महिने सराव करून तो ३०८ घेऊन गेला होता. चौथ्या दिवशी दलदलीच्या पलीकडे मूस उभा राहिला. अंतर फार, मध्ये फांद्या, उजेड उतरलेला. मित्र म्हणत होते, मार, मार. त्याने रायफल खाली घेतली. मूस चालत निघून गेला आणि ही मंडळी रिकाम्या हाताने परतली. मेजरांनी ते सगळं त्याच्याकडून दोनदा ऐकलं. मग खंबाटकी ओलांडून साताऱ्याला जाऊन दोन किलो कंदी पेढे आणले आणि गल्लीत घरोघर वाटत सुटले. पेढे बघून सगळ्यांनी एकच विचारलं, नातू की नात?

‘‘जावयानं गोळी झाडली नाही,’’ मेजर प्रत्येकाला सांगत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यामुळे पुढे विचारायची कुणाची छाती झाली नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पेढा तोंडात टाकला. मी दोन खाल्ले.