दाजींच्या तोंडातला विडा

स्वराज्य आल्यापासून निपाणीत जो तो निवडणुकीवर बोलतो. आमच्या घरात मात्र त्या विषयाची गाडी एकाच ठिकाणी येऊन अडते: दाजी गप्प बसले असते तर प्रेसिडेंट झाले असते का? दाजींना जाऊन दोन पावसाळे झाले, वाद अजून मिटलेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. तंबाखू बाजारात त्यांची लहानशी अडत होती, आणि म्युनिसिपालटीत ते मेंबर होते. घर वखारींच्या मागच्या बोळात. तिथल्या बायका दिवसभर वखारीत तंबाखू झाडायच्या, निवडायच्या आणि संध्याकाळी हातापायांची आग घेऊन लांबच्या विहिरीवर जायच्या. आक्काही त्यांच्यातच. बोळात नळ आणायचा, एवढ्यासाठी दाजींना प्रेसिडेंट व्हायचं होतं. तेव्हाचे प्रेसिडेंट म्हणजे बाजारातले मोठे शेठजी. त्यांच्या अंगणात नळ होता, त्यामुळे त्यांच्या मते गावाला पाणी मुबलक होतं.

प्रेसिडेंट मेंबरांनीच आपल्यातून निवडायचा, चिठ्ठ्या टाकून. दोन्हीकडे माणसं सारखी. मधे उरले एक म्हातारे कानडी व्यापारी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांचा निम्मा माल शेठजी उचलत, म्हणून ते उघड काही बोलत नसत.

मी तेव्हा बेळगावात, कॅम्पातल्या शाळेत भूगोल शिकवत होतो. जगातल्या नद्या तोंडपाठ, घरच्या घागरीतलं पाणी कुठून येतं ते ठाऊक नाही. एवढ्या योग्यतेवर मी दाजींचा सल्लागार झालो. रजा काढून निपाणीला गेलो आणि त्यांना एक भाषण लिहून दिलं. दाजींनी ते सगळं वाचलं.

"मास्तर, ह्यात मी कुठं हाय?" म्हणाले आणि घडी करून डुगडुगणाऱ्या पाटाखाली सारलं. पाट डुगडुगायचा थांबला. माझ्या लिखाणाचा एवढा उपयोग पुन्हा कधी झाला नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी बाजारात अण्णा भेटले. आमच्याकडे तंबाखूचा भाव तोंडानं ठरत नाही. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं उपरण्याखाली हात घालायचे, बोटं धरून भाव सांगायचा, हात दाबला की सौदा पक्का. उपरण्याखाली काय झालं ते तिसऱ्याला कळत नाही, आणि कुणी विचारतही नाही. अण्णांनी दाजींच्या उपरण्याखाली हात घातला. विकायला माल नव्हताच. हात घट्ट दाबला, "आयतु," म्हणजे झालं, एवढंच कानडीत म्हणाले आणि चालू लागले. मी शेजारीच उभा होतो. मला वाटलं, तंबाखूचा भाव चांगला आला.

घरी आल्यावर दाजी आक्काला म्हणाले, "नळ आला म्हन."

पण आक्का नवऱ्याला ओळखून होती. सकाळी तिनं विडा करून त्यांच्या हातात दिला. "अवो, ह्यो तोंडात धरा. चिठ्ठ्या पडंस्तवर थुकायचा न्हाय, गिळायचा न्हाय."

"आन् कुनी काय इचारलं तर?"

"मान हालवा. नंदीबैलाला कोन नावं ठेवतंय?"

चिठ्ठ्यांच्या आधी मेंबर मंडळी म्युनिसिपालटीच्या पडवीत बसली होती. बाजारातली माणसंही जमली होती. दाजी विडा धरून शहाण्यासारखे बसलेले. शेठजींना तेवढे शांत दाजी सोसवेनात.

"काय वो, आज तोंडाला कुलूप? बोळातल्या चार बायका सोडल्या तर तुमच्या मागं हाय तरी कोन?"

दाजींनी मान हलवली. मग उठले, पडवीच्या कडेला गेले आणि पिंक टाकली.

"कोन हाय? हे अण्णा हाईत की! काल भर बाजारात हात दाबलाय माझा. इचारा त्यास्नी!"

त्यांना तो अण्णांचा मान वाटला असणार. भल्या कामाला एक माणूस उभा राहिला, ते चारचौघांत सांगायला नको? पण उपरण्याखालचा सौदा असा उघड्यावर बोललेला त्या बाजारानं कधी ऐकला नव्हता. माणसं खाली बघायला लागली.

"व्हय काय अण्णा?" शेठजी अगदी गोड आवाजात म्हणाले आणि पडवीतल्या जकातीच्या तराजूकडे बघितलं. तराजूला हात लावून व्यापारी खोटं बोलत नाही, अशी आमच्याकडची समजूत.

अण्णा उठले. तराजूला हात लावला. "मी कुणाला हात दिलेला न्हाय," म्हणाले.

चिठ्ठ्या उघडल्या. मतं सारखी, आणि एक चिठ्ठी कोरी. खोटी शपथ घेतलेल्या हातानं अण्णांना दाजींचं नाव लिहवलं नाही, आणि शेठजींचंही नाही. मतं सारखी पडली तर खुर्चीवरच्या माणसाला एक मत जादा, असा नियम होता. खुर्चीवर शेठजीच होते. फार विचार करून ते मत त्यांनी स्वतःला दिलं.

परतताना बोळाच्या तोंडाशी बायका घागरी घेऊन निघालेल्या. बातमी आमच्या आधी पोचली होती. एक म्हातारी थांबली. "लई खरं बोललासा, मालक. पर हीर हाय तितंच ऱ्हायली."

गप्प बसायला दाजींना तेव्हा जमलं.

त्यानंतरही अण्णा अडतीवर माल घेऊन येत. दाजी उपरणं पुढं करत. अण्णा हात मागेच ठेवत आणि भाव तोंडानं सांगत, सगळ्यांना ऐकू जाईल असा. दाजी उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर टाकत.

परवा मी निपाणीला गेलो होतो. माझं म्हणणं आक्काला समजावून सांगितलं: ज्याला गप्प बसता येतं तो दुसऱ्यांच्या नळासाठी भांडायला जातच नाही, म्हणून दाजी कसेही हरलेच असते. मास्तरकीची सवय, मुद्देसूद बोललो. आक्का माझ्यासाठी विडा लावत होती. तिनं चुना लावला, आणि पानावर आणखी एक पान ठेवलं.

"मीच बारका केलता रं त्यो इडा," ती म्हणाली. "आनि एक पान घालायला पायजे हुतं."

मग तो विडा माझ्या तोंडात घातला आणि घागर उचलून विहिरीकडे निघाली. तोंड भरलेलं होतं म्हणून मला काही बोलता आलं नाही. दुसरी घागर घेतली आणि तिच्यामागून गेलो.