उरलेल्या भाताची कंबर

"हात वर कर ग," अक्का म्हणाली. मी केले.

कुंभकोणमच्या त्या मोठ्या घरात मी सैपाकाला होते. नवरात्राचे दिवस. कोलूच्या, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्या बघायला आलेल्या बायका माजघरात बसलेल्या. अक्का म्हणजे मालकीण, आमच्यातलीच, पिढ्यांमागं इकडं आलेल्या मराठी लोकांतली. रस्त्यावर तामिळ, घरात मराठी. तिनं फुलं ओवायचा केळीच्या सोपटाचा दोरा घेतला आणि सगळ्यांदेखत माझ्या कंबरेला गुंडाळून गाठ मारली. "डब्यातलं तूप उतरतंय आणि हिची कंबर चढतीय. आता दर महिन्याला मोजीन." बायका हसल्या. दोरा तिनं सैपाकघरात खिळ्याला अडकवला.

मी तूप चोरलं नव्हतं. पण हात वर कुणी केले? मीच.

मी खायचे काय, ते ऐका. सकाळी नुसती कॉफी. दिवसभर दुसऱ्यांची ताटं वाढायची. रात्री बसनं स्वामीमलैला घरी पोचायचे, नवरा आणि मुलगा जेवून उठायचे, मग मी बसायचे. वरण, भाजी त्यांची. उरायचा तो भात आणि तळाचं रसम. भात टाकवत नसे, म्हणून ढीगभर तोच खायचे. एकादशीला कडकडीत उपास, दुसऱ्या दिवशी दुप्पट भात. माझी आईही अशीच जेवली. कंबर काही हटेना. हळूहळू मलाच वाटायला लागलं, खरंच मी चोर असेन. वेडी कुठली!

एवढ्यावर थांबलं असतं तर सांगायला बसले नसते. मला तेरा वर्षांची मुलगी होती, अंगानं भरत होती. तिच्याही कंबरेत मला चोरी दिसायला लागली. तिच्या ताटातला भात मी माझ्या हातानं काढायचे. कधीमधी पळीभर वरण मिळायचं तिला, तेही बंद केलं.

"आई, भूक लागलीय."

"लागू दे. उद्या लोक बोट दाखवतील."

एका सकाळी शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती कोसळली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या. अंगात रक्तच नाही, म्हणाल्या. "हिचं जेवण कुणी तोडलं?" मी खाली मान घातली. पोरगी म्हणाली, "मीच जेवत नाही." माझ्यासाठी खोटं बोलली हो! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बाईंनी दोघींना बसवून सांगितलं. तुम्ही भात अर्धा करा, डाळ दोघींची दुप्पट. शेवग्याचा पाला, ताक. सकाळी उपाशी राहायचं नाही. रोज तासभर झपझप चालायचं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही चरबी जास्त खाल्ल्याची नाही. उरलंसुरलं खाल्ल्याची आहे."

दुसऱ्या दिवशी वरण सगळ्यांना सारखं वाढलं.

"आज वरण कमी का?" नवरा म्हणाला.

"घरात जेवणारे चार आहेत," मी म्हटलं.

बसमधून अर्ध्या वाटेत उतरून मी चालत जायला लागले. पहिले कितीतरी महिने दोरा तेवढाच घट्ट बसायचा. हट्टीच ती कंबर. मग झंपर सैल झाले. वर्षानं दोरा कंबरेवरून खाली घसरला.

अक्कानं शेजारणीला हाक मारली. "बघा, बघा! चोरी सुटली, चरबी सुटली."

अंगाची लाही लाही झाली. दोरा काढून तिच्या हातावर ठेवला. "अक्का, मी आता पूर्वीपेक्षा चांगली जेवते. तूप कुठं जातं ते तुमच्या घरात शोधा. माझ्या अंगाला पुन्हा हात लावायचा नाही."

"काम सोडून जाशील कुठं?"

"जेवायला," म्हटलं आणि निघाले.

शाबासकी देऊ नका. अक्काला उत्तर दिलं, पोरीला अजून देता आलेलं नाही. तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, तरी ताट पुढं आलं की ती आधी अर्धा भात बाजूला सारते. ती सवय अक्कानं नाही लावली, मी लावली.

परवा ती तिच्या लेकीच्या ताटातला भात काढायला लागली. मी तिचं मनगट धरलं.

"तुझी माफी मागायला मला तोंड नाही," मी म्हटलं. "पण हिच्या ताटात हात घालायचा नाही. तुझा नाही, माझा नाही, कुणाच्या बापाचा नाही."